समईच्या उजेडापुरतें भिंग

धुळें जिल्ह्यांतील एका गांवाहून एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. पत्र लांब आहे व त्यांत घरगुती मजकूर पुष्कळ आहे. तो सगळा येथें देण्याचें कारण नाहीं. प्रश्नापुरता मथितार्थ असा : त्यांच्या सासूबाईंचें सहस्रचंद्रदर्शन येत्या माघांत करावयाचें ठरलें आहे. सायंकाळीं देवघरासमोर समया लावून सासूबाईंस ओवाळावयाचें, आणि त्या वेळचे फोटो घरांतल्याच कोणीतरी घ्यावयाचे, असा सर्वांचा विचार आहे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असून फ्लॅशचा झोत त्यांस मुळींच सोसत नाहीं. 'माझ्या तोंडावर वीज पाडूं नका,' असें त्यांनीं निक्षून सांगितलें आहे. कैलासवासी मामंजींचा लायका एम-३ कॅमेरा घरांत आहे. पण त्याचें एफ २ चें भिंग गेल्या दोन पावसाळ्यांत बुरशीनें धुरकटलें. धाकटे भाऊजी म्हणतात, घ्यावयाचें तर एफ ०.९५ चें नॉक्टिलक्सच घ्यावें. समईच्या उजेडांत दुसरें कांहीं चालणार नाहीं. वडील भाऊजी म्हणतात, जुनेंच साफ करून आणा. धाकट्यांचें ऐकावें तर कांहीं लाख रुपये लागणार, आणि ते जाऊबाईंच्या मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतून काढावे लागणार. 'दोघेही आईवरील मायेनेंच बोलत आहेत, परंतु पंधरा दिवस झाले, दोघांत अबोला आहे. तरी आपण खुलासा करावा,' असें भगिनी लिहितात.

भावाभावांच्या वादांत निवाडा देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु हा वाद जितका मायेचा आहे तितकाच गणिताचाही आहे, आणि गणित शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. शिवाय आजोबांचा वा वडिलांचा जुना कॅमेरा कपाटांत असलेलीं घरें पुष्कळ आहेत. म्हणून या भगिनींच्या निमित्तानें अतिवेगवान प्रमाण भिंगांची थोडी तुलना येथें करितों.

प्रथम अंकाचा अर्थ पाहूं. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याचें प्रमाण भिंग म्हणजे ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग. या नाभ्यंतरास भिंगाच्या उजेड घेणाऱ्या छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे जो अंक येतो तो त्या भिंगाचा एफ अंक. एफ २ च्या भिंगाचें छिद्र २५ मिलिमीटर, एफ १.४ च्या भिंगाचें सुमारें ३६ आणि एफ ०.९५ च्या भिंगाचें सुमारें ५३ मिलिमीटर रुंद असतें. अंक जितका लहान तितकें छिद्र मोठें, हें यावरून उघड होईल. उजेड मात्र व्यासाच्या प्रमाणांत न वाढतां क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. एफ २ चा उजेड एक धरला तर एफ १.५ चा पावणेदोनांहून थोडा अधिक, एफ १.४ चा दोन, एफ १.२ चा पावणेतीन, एफ १.१ चा सव्वातीन, एफ १ चा चार आणि एफ ०.९५ चा सुमारें साडेचार येतो. म्हणजे धाकट्या भाऊजींना हवें असलेलें भिंग मामंजींच्या जुन्या भिंगाच्या साडेचार पट उजेड घेईल, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. प्रश्न इतकाच कीं, हा साडेचार पट उजेड कोणत्या मोबदल्यांत मिळतो, आणि तो दुसऱ्या मार्गानें मिळतो कीं काय.

या भिंगांचा इतिहास लहान आहे, पण रंजक आहे. १९२४ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील एर्नेमान कारखान्यानें एर्मानॉक्स नांवाचा कॅमेरा काढिला. त्याचें एफ २ चें व पुढें एफ १.८ चें एर्नोस्टार भिंग लुडविग बेर्टेले या जेमतेम पंचविशींतल्या तरुणानें योजिलें होतें. तोंवर दिव्याच्या उजेडांत माणसाचा फोटो घ्यावयाचा म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी भडकवावी लागे. धूर होई, लोक दचकत. एरिख सालोमॉन नांवाच्या कायदेपंडितानें हा कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकींत कोणास न दिपवितां फोटो घेतले, आणि वृत्तपत्री छायाचित्रणाचा एक नवा मार्ग तेथून सुरू झाला. सालोमॉन ज्यू होता. १९४४ सालीं आउश्विट्झच्या छळछावणींत त्याचा अंत झाला.

एर्मानॉक्समध्यें कांचेच्या पट्ट्या घालाव्या लागत, आणि अंतर अंदाजानें अथवा मागच्या कांचेवर पाहून ठरवावें लागे. १९३२ सालीं लायका २ आणि झाइसचा कॉन्टॅक्स हे दोन कॅमेरे आले. त्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, होता. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून बसविल्या कीं अंतर साधलें. कॉन्टॅक्ससाठीं बेर्टेलेनेंच एफ १.५ चें सोनार भिंग योजिलें. लायकाला त्याच तोलाचें एफ १.५ चें झेनॉन भिंग १९३६ सालीं मिळालें. दोहोंत कांचेचीं भिंगें सात सातच. पण सोनारमध्यें तीं तीन गटांत चिकटविलेलीं, तर झेनॉनमध्यें पांच गटांत. याचें महत्त्व असें कीं, गटाच्या दोन्ही बाजूंस हवेला लागलेलें पृष्ठ असतें, आणि लेप नसलेल्या अशा प्रत्येक पृष्ठावर शेंकडा पांचाच्या आसपास उजेड परत फिरतो. सोनारचीं पृष्ठें सहा, म्हणून शंभरांपैकीं सुमारें त्र्याहत्तर भाग उजेड पार होई. झेनॉनचीं दहा, म्हणून साठच. वर अंक एकच कोरलेला, पण प्रत्यक्ष उजेडांत इतका फरक! शिवाय परत फिरलेला उजेड आंतल्या आंत भटकून चित्रावर धुकें पसरी, तें निराळेंच.

हा भेद मिटविला तो पृष्ठावरील लेपानें. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं हा लेप शोधून काढिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्वत्र रूढ झाला. मग अधिक गटांच्या भिंगांस मोकळीक मिळाली व अंकांची शर्यत लागली. जपानांत निकॉनचें एफ १.४ चें भिंग १९५० सालीं, झुनो कारखान्याचें एफ १.१ चें १९५३ सालीं, निकॉनचें एफ १.१ आणि कॅननचें एफ १.२ हीं दोन्ही १९५६ सालीं, आणि कॅननचें एफ ०.९५ चें १९६१ सालीं निघालें. लायकानें एफ १.४ चें समिलक्स १९५९ सालीं, एफ १.२ चें नॉक्टिलक्स १९६६ सालीं, वाल्टर मांडलर यानें योजिलेलें एफ १ चें नॉक्टिलक्स १९७६ च्या सुमारास आणि एफ ०.९५ चें २००८ सालीं बाजारांत आणिलें. फोग्टलेंडर या जुन्या जर्मन नांवानें जपानांतील कोसिना कारखाना भिंगें करितो. त्याचें एफ १.१ चें नॉक्टन २००९ सालीं आलें. अलीकडे चिनी कारखानेही लायकाला बसणारीं एफ ०.९५ चीं भिंगें पुष्कळच कमी किंमतींत देऊं लागले आहेत.

आतां मोबदल्याचा विचार. पहिला मोबदला पैशांचा. त्याविषयीं भगिनींनीं लिहिलेंच आहे. दुसरा वजनाचा. लायकाचें एफ २ चें समिक्रॉन अडीचशें ग्रॅमच्या आसपास, एफ १.४ चें समिलक्स सव्वातीनशें ते साडेतीनशें, एफ १.१ चें नॉक्टन सव्वाचारशेंच्या वर आणि एफ ०.९५ चें नॉक्टिलक्स सुमारें सातशें ग्रॅम भरतें. एवढें लठ्ठ भिंग पुढें आलें म्हणजे तें पाहावयाच्या खिडकीचा उजवीकडील खालचा कोपरा झांकून टाकितें. दोन तासांच्या समारंभांत सातशें ग्रॅमचें भिंग डोळ्यांसमोर धरून मनगट स्थिर ठेवणें साठी उलटलेल्यांस तरी जड जाईल.

परंतु तिसरा मोबदला या दोहोंहून मोठा आहे, आणि दुकानदार तो क्वचितच सांगतो. छिद्र मोठें झालें कीं चित्रांतील स्पष्टपणाची खोली कमी होते. एक मीटरवरील माणसाकडे रोखलें असतां एफ २ ला सुमारें साडेचार सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, एफ १.४ ला सव्वातीन आणि एफ ०.९५ ला दोन-सव्वादोन. दीड मीटरवरून हेच आंकडे अनुक्रमें दहा, सात आणि पांच सेंटिमीटर होतात.

आमच्या एरंडोलजवळ पद्मालयाचें गणपतीचें देवस्थान आहे. तेथें एकाच गाभाऱ्यांत उजव्या व डाव्या सोंडेच्या अशा दोन मूर्ति आहेत, हें खानदेशांतील वाचकांस ठाऊकच आहे. अशा जोडमूर्तींकडे एका बाजूस उभें राहून पाहिलें तर एक मूर्ति दुसरीपेक्षां वीतभर तरी जवळ येते. तेथून एफ ०.९५ नें एका गणपतीवर फोकस बसविला कीं दुसरा धुक्यांत गेलाच म्हणून समजावें. देवाच्या मूर्ति निदान हलत नाहींत. ओवाळून घेतांना कुंकू लावण्यासाठीं मान पुढें करणारी वृद्ध माणसें तर हलतात, आणि तीं चार बोटें हललीं कीं पांच सेंटिमीटरांची सगळी मर्यादा ओलांडली जाते. उजेड पुरला, पण आईचे डोळे अस्पष्ट आले, तर त्या उजेडाचा उपयोग काय?

येथें अंतरमापकाचाही संबंध येतो. अंतरमापकाची सूक्ष्मता त्याच्या दोन खिडक्यांमधील अंतर गुणिलें दर्शकाची वर्धनशक्ति यांवर ठरते. १९५४ सालच्या एम-३ मध्यें हा गुणाकार बासष्ट मिलिमीटरांच्या आसपास येतो; पुढच्या बहुतेक लायकांत तो पन्नासाच्या आसपास आहे. म्हणजे मामंजींचा जुना कॅमेरा या कामीं नव्यांहून सरस आहे. त्याचा अभिमान घरानें अवश्य बाळगावा. पण कॅमेरा कितीही सरस असला तरी भिंग आणि कॅमेरा एकमेकांशीं तंतोतंत जुळलेले असावे लागतात. एफ २ च्या भिंगांत खपून जाणारी केसभर चूक एफ ०.९५ च्या भिंगांत उघडी पडते. कोणतेंही वेगवान भिंग घेतां, विशेषतः जुनें घेतां, पुढील परीक्षा करावी. एका लांब पाटावर सात काडेपेट्या तिरप्या ओळींत, प्रत्येक मागचीपेक्षां दोन सेंटिमीटर पुढें, अशा मांडाव्या. एक मीटरवरून मधलीवर फोकस करून, छिद्र पूर्ण उघडें ठेवून फोटो घ्यावा. मधलीच स्पष्ट आली तर ठीक. दुसरी आली तर कारागिराकडे जावें. एक रोल यांत खर्ची पडेल, परंतु तो वांया गेला असें समजूं नये.

सोनार जातीच्या भिंगांत आणखी एक गुण-दोष आहे. छिद्र लहान करीत गेलें कीं फोकसचें स्थान थोडें मागें सरकतें. झाइसच्या हल्लींच्या एफ १.५ सी सोनारमध्येंही हें आहे, व कारखान्यानें तें लपविलेलें नाहीं. ज्यास ही खोड ठाऊक आहे त्यास तें भिंग माणसांच्या चेहऱ्यासाठीं फार गोड वाटतें; ज्यास ठाऊक नाहीं तो कॅमेऱ्यास दोष देत बसतो.

एकंदर तुलना करितां आम्हांस असें दिसतें. एफ १.४ चें समिलक्स हें सर्व गुणांनीं भरलेलें, पण महाग. फोग्टलेंडरचें एफ १.५ नॉक्टन त्याच्या जवळपास काम देतें व किंमत पुष्कळ कमी. गृहस्थानें प्रथम याचा विचार करावा. सी सोनार हलकें व सुबक, परंतु वर सांगितलेली खोड सांभाळून वापरावयाचें. नॉक्टनचीं एफ १.२ व एफ १.१ हीं रूपें ज्यास खरोखर रात्रीं काम आहे त्यासाठीं. कॅननचें १९६१ सालचें एफ ०.९५ हें त्या काळच्या कॅनन ७ कॅमेऱ्याच्या खास पकडीचें आहे. लायकावर बसवावयाचें तर त्याची पकड बदलून घ्यावी लागते. पूर्ण उघडें असतां त्याचें चित्र स्वप्नासारखें मऊ येतें. कोणास तें फार आवडतें, कोणास मुळींच नाहीं. आणि एफ ०.९५ चें नॉक्टिलक्स हा कारागिरीचा नमुना आहे यांत शंका नाहीं. परंतु दागिना आणि भांडें यांतील फरक गृहिणींस आम्हीं सांगावयास नको.

कोणी विचारील कीं, मग अंधारांत काम करणाऱ्यांनीं काय केलें? आमच्या भागांतलेंच उदाहरण घेऊं. अजिंठ्याचीं लेणीं जळगांवाहून साठ किलोमीटरांच्या आसपास आहेत. त्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं मेजर रॉबर्ट गिल १८४४ सालीं नेमला गेला. त्यानें तेथें वर्षानुवर्षें काढलीं आणि पुढें कॅमेराही हातीं घेतला. त्याच्या बहुतेक रंगीत नकला १८६६ सालीं लंडनमध्यें आगींत जळाल्या. तो स्वतः १८७९ सालीं वारला व भुसावळ येथें पुरला गेला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनींही चित्रकार बरोबर नेऊन या चित्रांच्या नकला करविल्या आणि १९३२ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं बिनॉय बहल यांनीं या चित्रांचे फोटो घेतले ते प्रखर दिवे न लावतां, अत्यल्प उजेडांत. आज लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, व ती योग्यच आहे, कारण उजेडाच्या माऱ्यानें रंग झिजतात.

आतां कोणास वाटेल कीं, अजिंठा ही एफ ०.९५ च्या भिंगाची खरी जागा. परंतु तसें नाहीं. भिंत सपाट असते. तिचे चारही कोपरे सारखे स्पष्ट यावे लागतात, आणि अतिवेगवान भिंग पूर्ण उघडें असतां कोपऱ्यांतच दुबळें असतें, कडाही काळवंडतात. भिंत पळून जात नाहीं. म्हणून परवानगी काढून, कॅमेरा तिवईवर ठेवून, छिद्र लहान करून, सेकंद दोन सेकंद उजेड घेणें हाच तेथील मार्ग होय. यावरून एक नियम निघतो : जें स्थिर आहे त्यासाठीं वेळ द्यावा, जें हलतें त्यासाठीं वेगवान भिंग घ्यावें. अतिवेगवान भिंगाचा खरा विषय माणूस आहे, भिंत नव्हे.

आणि माणसाच्या बाबतींत त्या भिंगाचें जें खरें मोल आहे, तें आम्हांस अंकांत सांगतां येत नाहीं. वर्ध्याजवळ सेवाग्रामांत कनु गांधी यांस महात्माजींचे फोटो घेण्याची मोकळीक मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरावयाचा नाहीं, महात्माजींस मुद्दाम बसावयास सांगावयाचें नाहीं, आणि खर्च आश्रमाकडे मागावयाचा नाहीं. कनु गांधींचा कॅमेरा रोलायफ्लेक्स होता, अंतरमापकाचा नव्हे. त्याचें भिंगही विशेष वेगवान नव्हतें. तरी झोंपडीच्या दारांतून येणाऱ्या उजेडांत त्यांनीं जे फोटो घेतले ते आज आपला ठेवा आहेत. अमेरिकेच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांस १९४६ सालीं चरख्यावर बसलेल्या महात्माजींचा फोटो घेतांना फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली होती. १९४८ च्या ३० जानेवारीच्या रात्रीं दिल्लींत बिर्ला हाऊसच्या फाटकापाशीं पंडित नेहरू लोकांस महात्माजींच्या मृत्यूची वार्ता सांगत असतां कार्तिए-ब्रेसाँ यांनीं फोटो घेतला. त्या लायकाधारी चित्रकारानें फ्लॅश कधींच जवळ केला नाहीं. तो फोटो धूसर आहे, पण त्या रात्रीचें दुःख जसें होतें तसेंच त्यांत उमटलें आहे. त्यांत फ्लॅशची वीज पाडली असती तर चेहरे स्पष्ट आले असते आणि रात्र नाहींशी झाली असती.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, वेगवान भिंग ही मुळांत सौजन्याची वस्तु आहे. समोरच्या माणसाच्या उजेडावर आपला उजेड लादूं नये, त्याच्याच दिव्यांत त्यास पाहावें, यासाठीं तें निर्माण झालें. भगिनींच्या सासूबाईंनीं 'वीज पाडूं नका' म्हटलें तेव्हां त्यांनीं हेंच मागितलें. मात्र या सौजन्यासाठीं जेवढा वेग लागतो तेवढाच विकत घ्यावा. त्यापुढील वेग सौजन्याचा नसून हौसेचा आहे. हौस वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती दुसऱ्याच्या शिक्षणाच्या रकमेंतून भागवूं नये.

आतां समईचें गणित करूं. समयांच्या जवळ बसलेल्या चेहऱ्यासाठीं, हल्लीं सहज मिळणाऱ्या ४०० च्या फिल्मवर, अदमासें एफ २ ला सेकंदाचा पंधरावा, एफ १.४ ला तिसावा आणि एफ ०.९५ ला सत्तरावा भाग लागेल. हलत्या माणसासाठीं निदान साठावा भाग हवा. म्हणजे धाकट्या भाऊजींची चिंता निराधार नाहीं. पण येथेंच शाळेंतला जुना नियम आठवावा : दिवा निम्म्या अंतरावर आणिला कीं उजेड चौपट होतो. चार हातांवरच्या समया दोन हातांवर आणिल्या कीं एफ २ च्या भिंगानें एफ १ चें काम केलें! त्याच फिल्मला ८०० ची समजून फोटो घ्यावे आणि डेव्हलप करणाऱ्यास तसें बजावून सांगावें. म्हणजे उजेडाची आणखी दुप्पट झाली. पंधराव्या भागाचा सेकंदाचा सव्वाशेंवा भाग होतो. अंदाज निम्म्यानें चुकला तरी साठावा भाग हातांत राहतोच, आणि दीड मीटरवरून दहा सेंटिमीटर खोलीही मिळते.

ही युक्ति आमची नव्हे. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकानें १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' चित्रपटांत मेणबत्त्यांच्या उजेडांतील प्रसंग घेतले, त्यासाठीं झाइसनें अमेरिकेच्या अवकाशसंस्थेकरितां बनविलेलें एफ ०.७ चें भिंग मिळविलें होतें. इतकें भिंग हातीं असूनही त्यानें तीन तीन वातींच्या मेणबत्त्या करवून घेतल्या, आणि नटांस फार हलूं नये असें सांगावें लागलें. ज्याच्यापाशीं एफ ०.७ आहे त्यासही वाती वाढवाव्या लागतात, हें धाकट्या भाऊजींनीं ध्यानांत घ्यावें.

तेव्हां आमचा सल्ला असा. जुनें एफ २ चें भिंग प्रथम मुंबई-पुण्याकडील जाणत्या कारागिरास दाखवावें. बुरशीनें लेप खाल्ला नसेल तर तें पूर्ववत् स्वच्छ होतें, आणि मग दुसरें कांहींच घ्यावयास नको. लेप खाल्लेला निघाला तर एफ १.५ चें एखादें भिंग घ्यावें, व वर सांगितलेली काडेपेट्यांची परीक्षा धाकट्या भाऊजींनींच करावी. त्यांच्याइतकी आस्था त्या कामीं दुसऱ्या कोणाची नसेल. समारंभापूर्वीं आठ दिवस एका सायंकाळीं, त्याच जागीं, त्याच समया लावून वडील भाऊजींना सासूबाईंच्या आसनावर बसवावें आणि धाकट्यांनीं एक रोल घेऊन पाहावा. त्यांत समया किती जवळ हव्यात हें कळेल, आणि अबोला असलेल्या दोघांस तासभर समोरासमोर बसावें लागेल हा फायदा वेगळाच. समया सासूबाईंच्या दोन्ही बाजूंस, थोड्या पुढें व डोळ्यांच्या उंचीच्या किंचित् खालीं असाव्या. पदराशीं लागतील इतक्या जवळ मात्र नसाव्या.

शेवटीं एक गोष्ट सर्वच वाचकांसाठीं. आपल्याकडील पावसाळा हा भिंगांचा मोठा शत्रु आहे. कॅमेरा चामड्याच्या पिशवींत, बंद कपाटांत कधींही ठेवूं नये. चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्या, आणि महिन्यांतून एकदां भिंग उघडून उन्हाळ उजेडांत वापरावें. वापरांतल्या भिंगास बुरशी सहसा लागत नाहीं.

सासूबाईंस आमचे सविनय नमस्कार कळवावे. त्यांचा फोटो त्यांच्याच घरच्या समईच्या उजेडांत, डोळे न मिटतां, चांगला येवो, अशी इच्छा करून आजचें लिखाण पुरें करितों.